दुधाची दाढ आणि सहाव्या वर्षाची दाढ: मागे गुपचूप आलेली ती पडणारी नाहीये

"अगं दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे ना ती," असं मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं म्हणत होते आणि ज्या दाढेबद्दल म्हणत होते ती दुधाची नव्हतीच. मुलगी आठ वर्षांची, खालची उजवीकडची दाढ, मधोमध काळा खड्डा, त्यात पोळीचा कण अडकायचा आणि ती अभ्यास करता करता जिभेने तो काढत बसायची. दुखत नव्हतं, म्हणून आम्हीही काही केलं नाही. मग एका रात्री गाल धरून रडत उठली, लवंग ठेवली, पॅरासिटामॉल दिलं, सकाळी भांडुपला घराजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी छोटा आरसा आत घालून बघितलं आणि म्हणाल्या, आई, ही कायमची दाढ आहे, ही गेली की हिच्या जागी दुसरी येणार नाही.

मला ते खरंच वाटेना. दाढ पडलीच नाही तर कायमची आली कुठून?

सगळा गोंधळ इथेच होतो. आपल्या डोक्यात एकच नियम बसलेला असतो, की आधी दुधाचा दात हलतो, पडतो, मग त्याच जागी नवीन येतो. समोरच्या दातांचं तसंच होतं. दात हलायला लागला की घरभर कौतुक, पडला की कोणी तुळशीच्या कुंडीत पुरतं, गावाला कौलावर फेकायचे, व्हॉट्सॲपवर बोळक्या तोंडाचे फोटो जातात. पण नेमक्या त्याच वयात, म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल असताना, तोंडात पार मागे चार नवीन दाढा येतात, वर दोन खाली दोन, आणि त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही. जबडा वाढून मागे जी नवी जागा झालेली असते तिथे त्या येतात. कधी दोन दिवस हिरडी ठणकते, मूल म्हणतं मागे टोचतंय, कधी तेवढंही होत नाही. आपण पुढे बघत असतो आणि ही मागून येऊन बसते, मग कधीतरी नजर गेली की वाटतं अजून एक दुधाची दाढ असेल.

ओळखायचं कसं, तर मोजून. मुलाला खिडकीपाशी उजेडात बसवा, मान थोडी मागे, मोबाइलचा टॉर्च लावा आणि बोटाने गाल बाजूला ओढून धरा. समोरच्या दोन दातांच्या मधून सुरुवात करून एकाच बाजूला मागे मोजत जा. एक, दोन हे पटाशीचे, तीन सुळा, चार आणि पाच या दुधाच्या दोन दाढा. दुधाचे दात इथे संपले. एका बाजूला पाच, असे वरखाली दोन्हीकडे मिळून २०, त्यापेक्षा जास्त दुधाचे दात नसतातच. पाचच्या मागे सहावा काही दिसला, अगदी हिरडीतून नुसतं पांढरं टोक जरी दिसलं, तरी ती कायमची दाढ. पुढचा एखादा दात पडून तिथे फट असेल तर ती फटही मोजायची, नाहीतर गणित चुकतं. मी त्या दिवशी दवाखान्यातून घरी येऊन आधी हेच केलं, चारही बाजू मोजल्या, चारही ठिकाणी सहावा होता, आणि वरच्या डाव्या सहाव्याच्या खाचेतसुद्धा काळी रेघ दिसत होती.

दिसायला दोन्ही सारख्या असतात हेही खरं, कारण पाचव्या नंबरची दुधाची दाढ म्हणजे सहाव्याची छोटी प्रतच वाटते. पण शेजारी शेजारी नीट बघितल्या की फरक कळतो. दुधाची दाढ दुधासारखी पांढरी, आकाराने लहान, चावून चावून वरून थोडी घासून गुळगुळीत झालेली. कायमची मोठी, वर उंचवटे टोकदार, खाचा खोल, आणि रंगाने किंचित पिवळसर. हा पिवळेपणा बघून बऱ्याच आया घाबरतात की ब्रश नीट होत नाहीये, तर तसं नाहीये, कायमच्या दातात आतला पिवळसर थर जाड असतो आणि तो वरून डोकावतो, पुढचे नवीन दातसुद्धा त्यामुळेच दुधाच्या दातांशेजारी पिवळे दिसतात.

पण काही मुलांची सहावी दाढ मुळात येतानाच खराब असते. वर पिवळे-तपकिरी किंवा खडूसारखे पांढरे चट्टे, कडा ठिसूळ, थंड पाणी लागलं की मूल कळवळतं, ब्रश तिथे नेऊच देत नाही, कधीकधी समोरच्या नव्या दातांवरही तसेच डाग असतात. दात तयार होत असतानाच त्याचं वरचं कवच कच्चं राहिलेलं असतं. ही दाढ साधारण जन्माच्या सुमारास जबड्यात बनायला लागते, त्यामुळे सहाव्या वर्षी दिसणाऱ्या डागाचं मूळ पार तान्हेपणात असू शकतं. यात मुलाला चॉकलेटवरून ओरडून काही उपयोग नाही, पण लगेच दाखवायला हवं, कारण अशी दाढ चावताना तुटत जाते आणि लवकर किडते.

आता उलटी बाजू, कारण हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मग चार-पाच नंबरच्या दुधाच्या दाढा सोडून दिल्या तरी चालतील. त्याही नाही सोडायच्या. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात पण दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचवी दाढ अडीच वर्षाच्या आसपास येते आणि दहा-अकराव्या वर्षी पडते, म्हणजे आठेक वर्षं मुलाने त्यावर जेवायचं असतं. चार वर्षांच्या मुलाच्या दाढेला कीड लागली तर "पडणारच आहे" म्हणजे अजून सहा वर्षांनी पडणार आहे, एवढा हिशेब कोणी करत नाही. आणि दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, आतली नस वरच्या अंगाला असते, त्यामुळे कीड आत पोचायला वेळ लागत नाही, बाहेरून बारीक भोक दिसतं आणि आत सगळं पोखरलेलं असतं. हिरडीवर पुटकुळी आली, फुटली, पू गेला, दुखायचं थांबलं की लोक म्हणतात बरं झालं. बरं झालेलं नसतं. त्या दाढेच्या मुळांच्या मधोमध पुढचा कायमचा दात बनत असतो आणि तो पू त्याच्याच डोक्यावर साठलेला असतो, त्याने खालच्या दाताचं कवच बिघडू शकतं.

आणि या दोघींचं एकमेकींशीही नातं आहे, ते मला फार उशिरा कळलं. दुधाची पाचवी दाढ किडली म्हणून सातव्या-आठव्या वर्षीच काढून टाकली, तर तिच्या मागची सहावी रिकामी जागा बघून पुढे सरकते. मग अकराव्या-बाराव्या वर्षी जी उपदाढ (छोटी कायमची दाढ) तिथे यायची असते तिला जागाच उरत नाही, ती वाकडी येते किंवा आतच अडकते आणि पुढे तारा लावायची वेळ येते. म्हणून दुधाची दाढ काढावीच लागली तर डॉक्टरांना आधी विचारा की जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर लागेल का. तारेची छोटी रिंग असते ती. दरवेळी लागतेच असं नाही, पण विचारायचं.

उपचारही दोन्हींचे वेगळे, आणि "मुलाचं आरसीटी (रूट कॅनॉल, म्हणजे दातातली खराब नस काढून आत औषध भरणं) सांगितलंय, लुटतात का?" असा प्रश्न येतो तो इथेच. दुधाच्या दाढेत कीड आतल्या नसेला जाऊन पोचली तर बऱ्याचदा नसेचा फक्त वरचा भाग काढून औषध घालतात आणि वर स्टीलची कॅप बसवतात, पूर्ण नस खराब असेल तर मुळांत असं औषध भरतात जे दात पडायच्या वेळी मुळांबरोबर विरघळून जातं. म्हणजे नंतर तो दात आपला आपण पडतो, आरसीटी केलं म्हणून तिथेच राहत नाही. कायमच्या दाढेचं वेगळंच आहे. ती तोंडात आली तरी तिची मुळं आत अजून वाढत असतात, पूर्ण व्हायला पुढची तीनेक वर्षं लागतात, नऊ-दहा वर्षांपर्यंत टोकं उघडी असतात. माझ्या मुलीच्या एक्स-रेमध्ये मॅडमनी मला ते दाखवलं, खाली मुळाचं टोक बंद व्हायच्या ऐवजी नळीसारखं उघडं दिसत होतं. अशा वेळी मोठ्या माणसासारखं सरळ आरसीटी करता येत नाही, आतली जी नस जिवंत आहे ती वाचवून मूळ वाढू द्यावं लागतं. तिचं तसंच केलं, औषध आणि सिमेंट, वर कॅप, आणि मग दर काही महिन्यांनी एक्स-रे. चार सिटिंग झाल्या, दोनदा शाळा बुडली, प्रत्येक वेळी ती माझा हात घट्ट धरून खुर्चीत बसली आणि प्रत्येक वेळी मला वाटत राहिलं की सहाव्या वर्षी नुसतं मोजलं असतं तर हे टळलं असतं.

कारण ही दाढ वाचवणं सोपं आहे, पण ते लवकर करावं लागतं. ती पूर्ण वर यायला बरेच महिने घेते, तोपर्यंत शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा बुटकी असते, अर्ध्या भागावर हिरडीचा पदर असतो, खाली बिस्किटाचा लगदा बसतो. आपण ब्रश नेहमीसारखा पुढून मागे फिरवतो तेव्हा तो उंच दातांवरूनच जातो, ही खाली कोरडीच राहते. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालायचा आणि फक्त त्या एका दाढेवर दहा-पंधरा वेळा घोळवायचा. हे सहा वर्षांच्या मुलाला स्वतःला जमत नाही, सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आपणच करून द्यायला हवा. मला माहितीये आपल्याकडे काय होतं, आईबाबा ट्रेन पकडून नऊला घरी, जेवण साडेनऊ-दहाला, मूल जेवता जेवताच पेंगतं, वरून ग्लासभर बोर्नव्हिटा, आणि झोपलेल्याला कोण उठवणार. पण झोपेत लाळ कमी होते आणि तोंड धुतलं जात नाही, त्यामुळे दिवसातला एकच ब्रश नीट जमणार असेल तर तो रात्रीचा करा. मुलाला आठ वाजता आजीबरोबर जेवायला बसवून लगेच ब्रश केला आणि त्यानंतर फक्त पाणी, एवढं आमच्याकडे जमलं.

पेस्ट फ्लोराइडची हवी, सुमारे १००० पीपीएमवाली, ट्यूबच्या मागे लिहिलेलं असतं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी, आणि पेस्ट थुंकून टाकायला शिकवा, थुंकल्यावर खळखळून चुळा नाही भरल्या तर फ्लोराइड दातावर थोडा वेळ टिकतं.

आणि सीलंट. हा शब्द मला मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत कोणीच सांगितला नव्हता याची मला खरंच खंत आहे. सहाव्या दाढेच्या खाचा इतक्या अरुंद आणि खोल असतात की ब्रशचा केस आत जातच नाही, कीड तिथूनच सुरू होते. दाढ पुरेशी वर आली की त्या खाचांमध्ये पातळ औषध भरून निळ्या लाइटने कडक करतात. सुई नाही, मशीनने कोरणं नाही, दाढ कोरडी ठेवून मूल थोडा वेळ शांत बसलं की झालं. नंतर ते निघू शकतं म्हणून सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं. खासगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, रांग असते, मुलाचा डबा बरोबर ठेवा.

एक गोष्ट दोन्ही दाढांना लागू. गाल किंवा जबड्याखाली सूज, त्याबरोबर ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, असं दिसलं तर दुधाची की कायमची हे मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि श्वास घ्यायला जड जात असेल तर सरळ हॉस्पिटलला. आणि दुखऱ्या दाढेजवळ हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवायची सवय काही घरांत अजून आहे ती तर नकोच, हिरडी भाजते आणि लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन देत नाहीत.

माझ्या बहिणीचा मुलगा आता साडेसहाचा आहे, डोंबिवलीला असतात ते. गणपतीत आमच्याकडे आला होता तेव्हा आरती झाल्यावर मी त्याला खिडकीत बसवलं, मोदक खाल्लेलं तोंड आधी धुवायला लावलं आणि मोजलं. खाली उजवीकडे सहावी पूर्ण वर आलेली, स्वच्छ. बहीण म्हणाली, ताई ही तर दुधाची ना? त्याच महिन्यात तिने सीलंट करून घेतलं. डावीकडची अजून अर्धी हिरडीखाली आहे, दर रविवारी आंघोळ झाली की ती टॉर्च लावून बघते आणि मला फोटो पाठवते.