गरिबीचा दोष कोणाचा? सामाजिक न्यायाच्या लढ्यामागचा इतिहास

गरिबीविषयीचं कोणतंही धोरण वाचताना एक गोष्ट आधी पाहावी: ते लिहिणाऱ्याने दोष कोणाच्या माथी मारला आहे? गरिबाच्या, की तो ज्या व्यवस्थेत राबतो तिच्या? संयुक्त राष्ट्रांच्या आजच्या ठरावांत दुसरं उत्तर जणू सर्वमान्य असल्यासारखं येतं. तिथवर यायला पावणेदोनशे वर्षं गेली आणि वाटेत ते उत्तर अनेकदा मागेही रेटलं गेलं.

१८३४ साली इंग्लंडने गरिबांना मदत देण्याचा जुना कायदा बदलला. मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे काम करवून घेणाऱ्या गरीबखान्यात, दाखल व्हा, असा नव्या कायद्याचा रोख होता. आतलं जगणं बाहेरच्या सर्वांत हलाखीतल्या मजुरापेक्षाही वाईट असावं, हे त्यामागचं तत्त्व उघडपणे मांडलेलं होतं. म्हणून नवऱ्याला एका भागात ठेवायचे, बायकोला दुसऱ्या, मुलांना तिसऱ्या. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटण्याचं काम होतं. तिथली माणसं इतकी उपाशी असत की कुजक्या हाडांना चिकटलेलं मांस आणि आतला मगज खाण्यासाठी त्यांच्यात झटापट होई. १८४५ मध्ये हे उघडकीला आलं, संसदेने चौकशी केली, देखरेख करणारं मंडळ बदललं. कायदा मात्र राहिला. गरिबीला गुन्हा मानलं की तिच्यावरचा इलाज शिक्षेसारखाच होतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

हा समज मोडला तो आकड्यांनी. १८७० च्या दशकात दादाभाई नौरोजींनी ब्रिटिश भारतातलं दरडोई उत्पन्न काढलं: वर्षाला सुमारे २० रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं, हेही त्यांनी तपासलं. बऱ्याच ठिकाणी तो खर्च या सरासरी उत्पन्नाहून जास्त निघाला. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याएवढंही येत नव्हतं. त्याचं कारण त्यांनी लोकांच्या आळसात शोधलं नाही, देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीत शोधलं. एका देशाची गरिबी दुसऱ्या देशाशी असलेल्या आर्थिक संबंधातून येते, ही मांडणी पुढच्या शतकात जगभर गाजली. नौरोजींनी ती किती आधी केली होती, याची आठवण मात्र फार कमी ठिकाणी ठेवली जाते.

१८९९ मध्ये चॉकलेट कारखानदारांच्या घराण्यातल्या सीबोम राउंट्रीने यॉर्क शहरात घरोघर माहिती गोळा केली. आईवडील आणि तीन मुलं यांना नुसतं शरीर टिकवायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्याचा हिशोब होता. या रकमेत काय बसत नाही तेही त्याने लिहून ठेवलं. आगगाडीचं तिकीट नाही, वर्तमानपत्र नाही, परगावच्या मुलाला पत्र पाठवायला टपालखर्च नाही, लेकरांना बाहुली किंवा गोट्या नाहीत. इतकी कठोर मोजपट्टी लावूनही शहरातल्या सुमारे १० टक्के माणसांची मिळकत कमी पडली; मिळकत पुरेशी असूनही इतर खर्चांमुळे हलाखीत राहणारे धरले तर सुमारे २८ टक्के माणसं गरीब ठरली. त्यातही ज्यांची मिळकत या रकमेलाही पुरी पडत नव्हती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण अशा घरांतले होते जिथे कर्ता माणूस नियमित कामावर होता. मजुरीच तुटपुंजी होती. आळशी गरिबाची गोष्ट सांगणं त्यानंतर अवघड झालं.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. कायमची शांतता सामाजिक न्यायाच्या पायावरच उभी राहू शकते, असं तिच्या घटनेतच लिहिलेलं आहे. १९४४ च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्याने त्यात भर घातली की कुठेही असलेली गरिबी सगळीकडच्या समृद्धीला धोका आहे. चार वर्षांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या २५ व्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा हक्क आला.

मग वसाहती स्वतंत्र झाल्या आणि प्रश्नाची व्याप्ती बदलली. १९६४ मध्ये ७७ विकसनशील देशांनी गट बांधला. नुसती मदत नको, कच्च्या मालाला रास्त भाव द्या आणि व्यापाराचे नियम बदला, ही त्यांची मागणी होती. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हे उद्दिष्ट १९७० मध्ये ठरलं. बहुतेकांनी ते कधीच गाठलं नाही. व्यापाराच्या नियमांची मागणी तर १९८२ च्या कर्जसंकटाखाली दबून गेली. त्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि एकामागून एक देश कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहिले. नवं कर्ज मिळवायचं तर सरकारी खर्चाला कात्री लावायची, अनुदानं काढायची. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत शाळा-दवाखान्यांत शुल्क भरावं लागू लागलं. कर्ज काढताना ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांच्याकडून ते वसूल झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

याच काळात पॅरिसमध्ये वेगळी हाक उठली. जोझेफ व्रेसिन्स्की हे धर्मगुरू स्वतः दारिद्र्यात वाढलेले. १९५६ मध्ये ते पॅरिसजवळच्या नुआझी-ल-ग्राँ इथल्या बेघरांच्या छावणीत राहायला गेले. तिथे फुकट सूप वाटलं जाई. ते त्यांनी बंद केलं आणि वाचनालय व बालवाडी सुरू केली. १७ ऑक्टोबर १९८७ ला त्यांच्या हाकेवर त्रोकादेरोच्या चौकात मोठा जनसमुदाय जमला आणि तिथे एक शिळा बसवली गेली. माणसांना दारिद्र्यात खितपत ठेवणं हा मानवी हक्कांचा भंग आहे, असं तिच्यावर कोरलेलं आहे. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस दारिद्र्य निर्मूलन दिन म्हणून स्वीकारला.

१९९० मध्ये जागतिक बँकेने दिवसाला एक डॉलरची दारिद्र्यरेषा आखली. ती वाढत वाढत जून २०२५ मध्ये ३ डॉलरवर आली. रेषेखालच्यांचं प्रमाण तीन दशकांत झपाट्याने घटलं, त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा. ही घट खरी आहे आणि तिला कमी लेखणं चूक ठरेल. पण रेषेच्या जरा वर आलेला माणूस एका आजारपणात पुन्हा खाली जातो, आणि त्याच्या मजुरीचा भाव कोण ठरवतं हे ती रेषा सांगत नाही. त्याच १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या प्रयत्नांतून मानव विकास निर्देशांक आला, त्याने निदान आयुर्मान आणि शिक्षण तरी हिशोबात धरलं. संयुक्त राष्ट्रांची २००० ची सहस्रक उद्दिष्टं आणि २०१५ ची शाश्वत विकास उद्दिष्टं या दोन्ही वाटांवरून चालत आली आहेत.

कर्जाचा प्रश्न मात्र परत आला. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ या बड्या देशांच्या गटाच्या नेत्यांची बैठक चालू असताना कर्जमाफीसाठी सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली होती, आणि अशाच दबावामुळे पुढे अनेक गरीब देशांची कर्जं माफ झाली. झांबियाला २००५ मध्ये हा दिलासा मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये तोच देश पुन्हा हप्ता चुकवून बसला. धनको सरकारांशी तडजोड व्हायला जून २०२३ उजाडलं, खासगी रोखेधारकांशी व्हायला २०२४. दिवाळखोर कंपनीसाठी न्यायालय असतं, दिवाळखोर देशासाठी तसं काहीच नाही. अशी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांत उभारावी, ही गरीब देशांची मागणी धनको देशांनी अजून मान्य केलेली नाही.