बोलता येत नाही, सांगायचं मात्र आहे

तीव्र सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील बिघाडामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या अनेक विद्यार्थ्यांना समोरच्याचं बोलणं समजत असतं. अडतं ते पुढे. ओठ, जीभ आणि श्वास यांचा मेळ बसवणारे मेंदूचे संदेश स्नायूंपर्यंत धड पोचत नाहीत. अशा मुलाकडून महिनोन्‌महिने नुसते उच्चार घोटून घेतले, तर तोवर त्याने सांगायचं कसं?

म्हणून स्पीच थेरपिस्ट आधी पाहतात, की हे मूल आजच्या घडीला ‘हो’ आणि ‘नाही’ कसं दाखवतं. कुणी डोळे वर नेतं, कुणी मान फिरवतं. जी हालचाल त्याच्या ताब्यात आहे, तिच्यावर पुढचं साधन ठरतं: चित्रांचा फलक, गालाने दाबायचं बटण किंवा नजरेवर चालणारा संगणक. हा संगणक डोळ्यावर अवरक्त (आपल्याला न दिसणारा) प्रकाश टाकतो आणि त्याच्या परावर्तनावरून मूल पडद्यावर कुठे पाहतंय ते ओळखतो.

साधन हाती दिलं की काम संपलं, असं अनेकांना वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. बाळ पहिला शब्द बोलण्याआधी वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. चित्रांतून बोलणाऱ्या मुलालाही तशी बोलणारी माणसं दिसायला हवीत. म्हणून थेरपिस्ट, शिक्षक आणि घरचे बोलता बोलता स्वतः त्या चित्रांवर बोट ठेवतात, उत्तराची सक्ती न करता. मग थांबतात. हे थांबणं फार अवघड असतं. आपण घाईने दुसरा प्रश्न विचारतो आणि मुलाचं जुळत आलेलं उत्तर मोडतं. फलकावर ‘पाणी’, ‘भूक’ यांच्याइतकेच ‘नको’, ‘थांब’, ‘आणखी’, ‘का’ हे शब्द हवेत. मला तर ‘नको’ सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या बाबतीत सगळं इतरच ठरवतात.

चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचंच नाही, ही पालकांची भीती स्वाभाविक आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विकासात्मक अपंगत्व असलेल्या 27 जणांच्या नोंदी तपासल्या होत्या. कुणाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्के जणांचं वाढलं होतं, जरी ती वाढ बहुधा माफक होती.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहायला हवं. मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेण्याची एक पद्धत आहे. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचं दिसलं, तेही हात धरणाऱ्याच्या स्वतःच्या नकळत. त्यामुळे हालचाल कितीही लहान असो, निवड मुलाने स्वतः केलेली असली पाहिजे.