उंटाच्या कातड्यातून उजेड आरपार जातो कसा?

तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात, चेकिर्गे भागात, करागोझ म्युझियम आहे. करागोझ म्हणजे तिथला पारंपरिक सावल्यांचा खेळ. त्यात अडाणी पण बिनधास्त करागोझ आणि शिकलेला, गोड बोलून स्वतःचं काम काढून घेणारा हाजिवात यांची सतत जुंपलेली असते. बुर्साच कारण दंतकथा तिथलीच आहे: १४व्या शतकात सुलतान ओरहानच्या काळात एका मशिदीच्या बांधकामावर हे दोघं होते म्हणे, यांच्या गप्पा ऐकायला बाकीचे मजूर हातातलं काम टाकून उभे राहायचे, बांधकाम रखडलं आणि सुलतानाने दोघांना मारून टाकलं, मग शेख कुश्तेरीने त्यांच्या आकृत्या करून पडद्यावर नाचवल्या. याला इतिहासाचा पुरावा नाही, पण खेळ मात्र खराच, रमजानच्या रात्री कॉफीहाऊसमध्ये लोक गर्दी करून बघायचे आणि २००९ मध्ये युनेस्कोनेही त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते कातडं. या बाहुल्या साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर उंच असतात, उंटाच्या नाहीतर बैलाच्या कातड्याच्या. आणि त्यांची सावली काळी पडत नाही, रंगीत पडते! आता आपली चप्पल दिव्यासमोर धरा, काही दिसतं का पलीकडचं? मग उंटाचं कातडं पारदर्शकाच्या इतकं जवळ कसं जातं?

कातडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं. चपलेचं चामडं कमावलेलं असतं, त्यात धागे सुटेसुटे राहतात आणि मधे हवा असते. धागा, हवा, परत धागा, असं प्रत्येक ठिकाणी उजेड वळतो, विखुरतो, त्यामुळे पलीकडे नीट पोचतच नाही. करागोझचं कातडं कमावत नाहीत. केस काढायचे, खरवडून पातळ करायचं, ताणून वाळवायचं. पाणी उडून जाताना धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, मधली हवा जाते, मग उजेडाला अडखळायला फारसं काही उरत नाही. नंतर धारदार सुरीने बारीक भोकं आणि रेषा कोरायच्या, पूर्वी वनस्पतींचे रंग लावायचे, ते कातड्यात मुरायचे, आणि दिवा मागे लावला की अख्खी बाहुली रंगीत काचेसारखी उजळते.

दुसरी गंमत काठीची. जावा बेटावरच्या बाहुल्यांना काठ्या खालून असतात, करागोझमध्ये त्या मागून आडव्या, पडद्याला काटकोनात. मग काठीची सावली मधेच का येत नाही? समजा दिव्याची ज्योत ३ सेंटीमीटर रुंद आहे आणि पडद्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे. बाहुली पडद्याला चिकटलेली, म्हणून तिची कड एकदम स्पष्ट. काठी मात्र मागे मागे जाते, आणि १ सेंटीमीटर जाडीची वस्तू पडद्यापासून २० सेंटीमीटर मागे गेली की तिची पूर्ण गडद सावली शिल्लकच राहत नाही, नुसता पुसट धूसरपणा उरतो आणि प्रेक्षकाचं लक्ष तर चेहऱ्यांवर असतं. पडद्याजवळचं काठीचं टोक थोडं दिसतं, तेवढं चालतं. हे सगळं एकटा कलाकार सांभाळतो, त्याला हयाली म्हणतात, सगळ्या पात्रांचे आवाजही तोच काढतो, जोडीला फक्त मदतनीस. कमाल आहे!

म्युझियमवाल्यांचा खरा प्रॉब्लेम इथून सुरू होतो. बाहुली बघायची तर मागून उजेड हवा, आणि उजेडानेच रंग उडतात. हे नुकसान साठत जातं: ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेडात १ तास आणि ५० लक्समध्ये १० तास, हिशोब जवळपास सारखाच. म्हणून नाजूक रंगांच्या वस्तूंना जगभर ५० लक्सच्या आसपासच ठेवतात. शिवाय कोलॅजेन हवेतला ओलावा ओढतं, हवा दमट झाली की कातडं फुगतं, कोरडी झाली की आकसतं, असं सारखं होत राहिलं की बाहुली वाकडी होते, रंगाला चिरा जातात. त्यामुळे काचेमागची बाहुली मंद उजेडात दिसली तर चिडू नका प्लीज, तिच्या भल्यासाठीच आहे ते.

आणि हो, आपल्याकडेही कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तिथे ठाकर आदिवासी कला आंगण हे छोटं म्युझियमही आहे. चामडं तिथेही तसंच ओलावा ओढणारं, पण कोकणातल्या पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे इतकी दमट असते की बुरशी लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे तिथे या बाहुल्या टिकवणं जास्तच अवघड. ओलावा काढणारं मशीन, बंद कपाटं, मोजमापाची साधनं, एवढी मदत तर पिंगुळीला मिळायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.