आतड्यांतील जिवाणू आणि आयबीएस

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा आतड्याच्या कामकाजाचा विकार आहे. पोटात वारंवार कळ येते, शौचाच्या वेळी ती कमी-जास्त होते, शौच कधी पातळ तर कधी खड्यासारखे होते. २०१६च्या 'रोम ४' या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी, असे तीन महिने दुखायला हवे. दुर्बिणीतून आतडे निरोगी दिसते, म्हणून रुग्णाला 'मनाचे खेळ' असे ऐकावे लागते. हा अन्याय आहे. दुखणे खरे असते.

जिवाणूंचा संबंध गोव्याच्या ताटावरूनच समजून घेता येतो. अळसांद्यांच्या (चवळीच्या जातीचे कडधान्य) तोणाकात, म्हणजे रस्सेदार भाजीत, रॅफिनोज वर्गातील शर्करा असतात. त्या फोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. पंगतीतल्या सगळ्यांच्याच पोटात हे घडते. पण आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच वायूने एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला कंबरेची नाडी सैल करावी लागते. अळसांदे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून देण्याच्या रीतीने यातील काही शर्करा निघून जातात. काहींच्या आतड्यात मिथेनही बनतो. तो बनवणारे जीव जिवाणू नव्हेत, आर्किया नावाचे वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव होत. मिथेनचा संबंध बद्धकोष्ठतेशी आढळतो.

जुलाबाच्या संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस जडतो. कॅनडातील वॉकर्टन गावी २००० साली पिण्याचे पाणी दूषित झाले, त्यानंतर कित्येकांना हा त्रास वर्षानुवर्षे राहिला. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळून प्यायचे, त्याला हेही एक कारण.

रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाला अमेरिकेत २०१५मध्ये जुलाबप्रधान आयबीएससाठी मान्यता मिळाली, पण त्रास पुष्कळदा परततो. प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटात घ्यायच्या उपयुक्त जिवंत जिवाणूंचा, गुण जिवाणूच्या वाणागणिक बदलतो. शौचातील जिवाणू मोजून आयबीएसचे निदान होत नाही, त्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने घडवलेल्या 'लो फॉडमॅप' (आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी असलेल्या) आहारात कांदा, लसूण, गहू, कडधान्ये काही आठवडेच बंद असतात. उकड्या तांदळाची पेज त्यात सहज बसते. पथ्य लांबले तर बायफिडोबॅक्टेरिया हे उपयुक्त जिवाणूही घटतात. म्हणून एकेक पदार्थ परत घ्यायचा: आज दोन चमचे तोणाक, सोसले तर परवा अर्धी वाटी. मात्र शौचातून रक्त पडणे, वजन उतरणे किंवा रात्री दुखण्याने जाग येणे ही आयबीएसची लक्षणे नव्हेत. तेव्हा पथ्यात दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे.