पापणी लवली की पातळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईचे डोळे कोरडे पडून खुपायला लागले. डॉक्टरांनी जे थेंब लिहून दिले, त्यांच्या बाटलीवर बारीक अक्षरात छापले होते : सोडियम हायलुरोनेट ०.१%. म्हणजे हजार भागांत एक भाग. बाकी जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे क्षार. एवढ्याशा पदार्थाने डोळ्यातली कचकच थांबते, ती त्याच्या वागण्यामुळे.

एरंडेल कितीही ढवळा, ते घट्टच राहते. हायलुरोनेटचे द्रावण मात्र स्थिर असताना दाट असते आणि ढवळले की पातळ होते. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब माळा. शर्करेच्या दोन घटकांची तीच ती जोडी हजारो वेळा गुंफलेली. निवांत असताना या माळा एकमेकींत गुंततात, भोवती भरपूर पाणी धरून ठेवतात. ओढ बसली की त्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि एकमेकींवरून सहज घसरतात. डोळ्याला नेमके हेच हवे असते. पापणी बुबुळावरून क्षणार्धात सरकते, तेव्हा थर पातळ झाला नाही तर ती अडखळेल आणि नजर धूसर होईल. पापणी उघडली की तोच थर पुन्हा दाट होऊन जागेवर टिकतो. आपले स्वतःचे अश्रूही असेच वागतात, म्हणून मला हा घटक इतका आवडतो.

तो सापडलाही डोळ्यातच. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतल्या पारदर्शक गरातून तो वेगळा केला. ग्रीक भाषेत 'हायलोस' म्हणजे काच. नाव तिथून आले. पुढे तो कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढू लागले. आता बहुतेक जिवाणूंकडून तयार करून घेतात.

१९८० च्या सुमारास त्याचे दाट द्रावण मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये वापरात आले. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो. या पेशी एकदा गेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. ऑपरेशन चालू असताना हे द्रावण त्या थराला उपकरणांच्या धक्क्यांपासून जपते, शिवाय डोळ्याच्या पुढच्या भागातली पोकळी मिटू देत नाही. काम झाले की ते बाहेर काढून घेतात. गुडघेदुखीवर सांध्यात देतात त्या इंजेक्शनांपैकी काहींतही हाच पदार्थ असतो, पण तिथला फायदा वादाचा आहे.

थेंब घालताना आई आधी दोन-तीन टाकायची. डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाटलीतला एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा. जास्तीचे सगळे गालावर. एकच पुरतो. दुसरे औषध घालायचे असेल तर मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर पहिले धुऊन जाते.

बाटलीवरचे आणखी एक नाव वाचून ठेवा : बेन्झाल्कोनियम क्लोराइड. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते. पण त्याचा गुण साबणासारखा. वारंवार गेले तर अश्रूंचा तेलकट थर फुटतो आणि बुबुळाच्या वरच्या पेशी दुखावतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर हे परिरक्षक नसलेले थेंब डॉक्टरांकडे मागावेत. ते एका वेळेपुरत्या इवल्याशा नळ्यांत मिळतात, थोडे महाग पडतात.

डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा दिसणे कमी झाले असेल, तर हे थेंब पुरे पडणार नाहीत. तेव्हा दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंबही आणू नयेत. ते लांबले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.