मीटअप की स्प्रिंट? पायथनची मंडळी जमवण्याआधी ठरवा

जळगाव-धुळ्याकडे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा गट उभा करायला निघालेले स्वयंसेवक ‘मीटअप’ आणि ‘स्प्रिंट’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पोस्टरवर ‘स्प्रिंट’ छापतात आणि हॉलमध्ये दोन भाषणं ठेवतात. लॅपटॉप घेऊन आलेल्या पोरांना तो उघडावाच लागत नाही.

मीटअपमध्ये बोलणं होतं, स्प्रिंटमध्ये काम. मीटअपमधून ओळखी मिळतात. स्प्रिंटमधून एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे कोडमधल्या दुरुस्त्यांचे प्रस्ताव, म्हणजे पुल रिक्वेस्ट जातात.

मीटअपला दोन तास पुरतात: २५ मिनिटांचं एक भाषण, पाच-पाच मिनिटांची तीन-चार, उरलेला वेळ चहा आणि गप्पांना. पन्नास जण आले तरी चालतं. मीटअप बंद पडतात ते बहुधा पुढचा वक्ता ठरलेला नसल्यामुळे. त्याचं नाव आजच्याच बैठकीत पक्कं करून टाकावं.

स्प्रिंटला सहा तास हवेत आणि माणसं मोजकीच. बायकांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणाऱ्या जँगो गर्ल्सच्या कार्यशाळांत तीन जणींमागे एक मार्गदर्शक असतो. तेच प्रमाण धरलं तर चार जाणत्यांमागे बारा जण. अर्धी मेहनत आदल्या आठवड्यातच करायची असते. प्रकल्पांचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या गिटहब साइटचं खातं आणि द्विस्तरीय पडताळणी घरूनच करून आणायला सांगा, नाहीतर सकाळ ओटीपीतच जाते. कोडची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. बारा जणांनी एकदम डाउनलोड लावलं की कॉलेजचं वायफाय बसतं. ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांसाठी सोपं) अशी खूण असलेली कामं आधी उघडून बघा, त्यातली निम्मी दुसऱ्या कुणी घेतलेली निघतात.

सुरुवात थेट सीपायथनपासून, म्हणजे खुद्द पायथनच्या मूळ कोडपासूनच करायची असेल, तर दस्तऐवजांपासून करावी. त्यासाठी सी भाषेतला कोड चालवण्याजोगा करणारा कंपायलर लागत नाही, आणि शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळा इश्यूही (त्रुटीची नोंद) उघडावा लागत नाही. मात्र योगदानाच्या करारावर ऑनलाइन सही करावीच लागते. एरवी पायथनसाठी कुणी लिहिलेलं एखादं छोटं पॅकेज बरं, तिथे उत्तर लवकर येण्याची शक्यता जास्त.

पुल रिक्वेस्टची संख्या हे यशाचं माप धरू नका. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या पुल रिक्वेस्टच्या मोहिमेत २०२० साली बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा इतका पूर आला की त्याच महिन्यात नियम बदलून, प्रकल्पांनी स्वतः होकार दिला तरच मोजणी, असं करावं लागलं. दिवसभरात तिघांनी मिळून एक नीट बदल पाठवला तरी स्प्रिंट जमला म्हणायचं.

जागेचं गणितही दोन्हींचं वेगळं. शहाद्याहून दोन तासांच्या मीटअपसाठी जळगाव गाठणं कुणाला परवडणार? मीटअप आपापल्या गावी घ्या, स्प्रिंट मध्यावर. अमळनेर बरं पडतं: नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, जळगाव, भुसावळ हे सगळे त्याच लोहमार्गावर आणि धुळेकरांना रस्त्याने जवळ. हिवाळ्यात भरीत पार्टीला जोडून स्प्रिंट ठेवायचा मोह मात्र आवरा, जेवणानंतर लॅपटॉप उघडत नाहीत.

स्प्रिंटनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी प्रकल्पात बदल तपासणाऱ्याचे शेरे येतात, तेव्हा पोरगं सेमिस्टरच्या परीक्षेत असतं आणि पुल रिक्वेस्ट तशीच पडून राहते. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक बदलामागे एका जाणत्याचं नाव लिहून ठेवा, आणि पुढच्या मीटअपची पहिली पंधरा मिनिटं अडकलेल्या पुल रिक्वेस्टना द्या.