घाणा घ्यायचा, पण चालवायचा कशावर?

शेंगदाणा, करडई बाजारात नेण्यापेक्षा घरीच तेल काढून विकावं, असं अनेक शेतकऱ्यांच्या मनात असतं. यंत्र बघायला गेलं की बोलणं हॉर्सपॉवरपासून सुरू होतं. ते सुरू व्हायला हवं आपल्या पिकापासून.

कारण दाबून सगळं तेल कधीच निघत नाही. लाकडी घाण्याच्या पेंडीत साधारण १० टक्के तेल उरतं, चांगल्या स्क्रू एक्सपेलरच्या (फिरत्या स्क्रूनं दाणे दाबणाऱ्या लोखंडी यंत्राच्या) पेंडीत ६ ते ८ टक्के. १०० किलो शेंगदाण्यात ४७ किलो तेल धरलं, तर घाण्यातून ४१ किलोच्या आसपास हाती येतं. टरफलासकट करडईत ३० किलो धरलं, तर २२. सोयाबीनमध्ये मुळात तेल १९ किलो. त्यातलं जेमतेम १० किलो निघतं आणि जवळजवळ अर्धं पेंडीबरोबर जातं. म्हणून तर सोयाबीनचे मोठे कारखाने तेल हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात. केवळ सोयाबीनच्या भरवशावर घाणा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेंगदाणा, तीळ, करडई, जवस असेल तर जरूर घ्यावा.

आता ताकदीचं. मोटार मिनिटाला १४४० फेरे फिरते, लाकडी घाणा १२ ते १५. मधला गिअरबॉक्स वेग सुमारे शंभर पटींनी उतरवतो आणि जवळपास तेवढ्याच पटीनं पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवतो. ३ एचपीची मोटार पूर्ण भारावर असेल, तर मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला सव्वाशे-दीडशे किलो वजन टांगावं, इतका जोर घाण्याला मिळतो. हेच काम पूर्वी बैल दिवसभर गोल फिरून करत. वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या केंद्रात, झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा करून ‘वर्धा घाणी’ घडवली, ती बैलाच्या त्याच श्रमात जास्त तेल निघावं म्हणूनच.

घाण्याला हा पीळ वेग कमी केला तरी लागतोच, आणि सौर पंपाच्या पॅनेलवर घाणा चालवू पाहणाऱ्यांची गफलत इथेच होते. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आला की त्याला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनानुसार घटते. ढग आला की पंप मंदावतो, पाणी कमी येतं, पण चालू राहतो. घाण्याची शक्ती मात्र वेगाच्या प्रमाणातच घटते. वेग ८० टक्के, तर शक्तीही सुमारे ८० टक्के. पंपासाठी जुळवलेला कंट्रोलर (पॅनेलची वीज मोटारीला पुरवणारा डबा) कमी वेगाला मोटारीला पुरेसा पीळ देईलच असं नाही, आणि अर्धवट दाबलेल्या दाण्यांत लाट (उखळात फिरणारा दाबाचा दांडा) अडकून बसते. केंद्राच्या पीएम-कुसुम या सौर पंप योजनेत युनिव्हर्सल कंट्रोलरची सोय आहे. त्यावर पंपाखेरीज दुसरं यंत्रही चालवता येतं. तो असेल तरी आपल्या घाण्याच्या मोटारीसाठी त्याची सेटिंग बदलून घ्यावी लागते, आणि ढगाळ दिवसासाठी वीज किंवा बॅटरीचा आधार ठेवावा लागतो.

महावितरणची वीज असेल तर दोन गोष्टी आधीच विचाराव्यात. शेतीपंपाची जोडणी घाण्यासाठी नसते, वेगळी जोडणी लागते. आणि थ्री फेज दिवसाचे किती तास टिकते? सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, त्यामुळे जनरेटर ठेवायचा झाला तर तो मोटारीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा लागतो. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटारीचा वेग हळूहळू वाढवणारं उपकरण) बसवला की हा झटका खूप कमी होतो. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) यंत्र फिरतं खरं, पण ३ एचपीच्या कामासाठी ३५ एचपीचं इंजिन तासन्‌तास चालवणं डिझेलला परवडत नाही.

घाणा चालू असताना वीज गेली, तर आली म्हणून लगेच बटण दाबू नये. आधी मेन स्विच बंद करावा. उखळाच्या कडेला घट्ट बसलेली पेंड सळईनं मोकळी करावी, थोडा माल काढून घ्यावा, मगच स्टार्टर द्यावा. एक्सपेलरचं जास्त अवघड असतं: आतली गरम पेंड थंड झाली की दगडासारखी आवळते आणि स्क्रूभोवतीचा पिंजरा उघडावा लागतो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे एक्सपेलरची दोन-तीन टक्के जास्त तेलाची कमाई या खोळंब्यात सहज जाते.